विड्यांचा हिशेब

नवी पेठेतलं दुकान, बाहेर त्रेचाळीस.
अंबूबाई येमुल आल्या, पदराला तंबाखूचा वास,
एकेका फ्रीझरचं झाकण उघडून
आत तोंड घालून उभ्या राहिल्या.
मी काही बोललो नाही. एप्रिलात सगळेच करतात.

शाळेसमोर बर्फाच्या कांड्या विकायच्यात, म्हणाल्या.
तीन ताऱ्यांचा दाखवला.
मग पाचांचा, चार हजार जास्त.
लेबलवरचा आकडा त्यांनी नखानं खरवडून पाहिला.
"हे वर्षाचं का महिन्याचं?"
वर्षाचं.
"म्हंजे शंभर युनिटचा फरक."
मान खाली. ओठ तेलुगूत हलत होते.
"युनिटला पन्नास विड्या. शंभराला पाच हजार.
तुमचे चार हजार रुपये म्हंजे वीस हजार विड्या.
चार वर्षांत फिटतंय की."

दहा वर्षं तारे विकतोय,
असे कुणी मोजले नव्हते.

भिंतीपासून वीतभर लांब ठेवा, सांगितलं,
झाकणाचं रबर पुसत जा.

रात्री साडेअकराला फोन.
"बंद पडलाय वो. आवाजच नाय."
मागे शेजारचे माग खडखडत होते;
माग थांबला की दचकून उठणारी ही माणसं.
म्हटलं, झाकण उघडू नका,
बाजूच्या पत्र्याला हात लावून बघा.
"गरम हाय."
मग चालू आहे. आतली उष्णता बाहेर टाकतोय.
"बाहेर कुठं?"
तुमच्या खोलीत.

जरा वेळ नुसते माग.
"हे दुकानात सांगितलं नाय तुमी."