खालची बाजू

जबल शम्स. नावात सूर्य,
आणि जानेवारीत दात वाजतात.
दोन जुनिपरांमध्ये झोळी बांधली,
अंगावर दोन ब्लँकेटं, तरी पाठ गार.
इनास म्हणाला, थंडी खालून येते रे,
वरून किती पांघरशील?

मग गाडीच्या काचेवरचा चंदेरी पडदा काढला,
रुवीत घेतलेला, दीड रियालचा,
उन्हाळाभर पार्किंगात
ऊन परतवून लावणारा.
तो पाठीखाली सरकवला,
त्याच्याखाली एसीच्या खोक्याचा पुठ्ठा,
‘ही बाजू वर’ असा बाण असलेला.

दोनला सगळं घसरलं. उठून नीट केलं.
तीनला पुन्हा.

पण मधला तासभर
माझीच ऊब मला परत मिळत होती,
काहीही न कापता.