किल्ल्यांचा जुडगा

आज सकाळी सही करून घेतला जुडगा.
अकरा किल्ल्या. त्यातली एक गंजलेली,
तिचं कुलूप कुठलं, कुणालाच आठवत नाही.
मेट्रनबाई म्हणाल्या, भोये सिस्टर,
आता फिमेल मेडिकल तुमचा.

ट्रेनिंगला नेतृत्वाच्या पद्धती पाच मार्कांना होत्या.
हुकमी, लोकशाही, मोकळी.
तिन्ही पाठ केल्या होत्या,
सुरगाण्याच्या गाडीत, खिडकीला डोकं टेकून.

गांगुर्डे सिस्टरांच्या काळात
चादरींच्या घड्या पट्टीने मापल्यासारख्या.
एक अँप्यूल कमी भरलं
तर अख्खी ड्युटी घरी जायची नाही,
आम्ही बादल्या उलट्या करून शोधायचो
आणि सापडायचंच.
त्यांच्या वॉर्डात एकालाही बेडसोर झाला नाही,
हेही सांगितलं पाहिजे.
पण एक रात्र कुठल्याच रजिस्टरला नाही:
नऊचं इन्सुलिन मी अकराला दिलं.
फटीतून निफाडकडची थंडी येत होती
आणि मला घाम.
फोन समोर होता. उचलला नाही.
साखरपाणी करून चमच्याने पाजत बसले उजाडेपर्यंत.
अकराची बाई, चांदवडची, म्हणाली,
पोरी, किती गं करतेस माझं.

मग भालेराव सिस्टर आल्या, शरणपूरच्या.
बेडपॅन स्वतः उचलायच्या,
दिवाळीत आम्हाला सुट्ट्या वाटून
आपण सलग पाळ्या काढायच्या.
चूक सांगितली की पाठीवर हात,
होतं गं, जा, चहा घे.
रजिस्टर कोरं.
आम्ही जीव टाकायचो त्यांच्यावर.
कुसुमने तीच चूक दुसऱ्यांदा केली
तेव्हा पेशंट आयसीयूत गेला,
आणि भालेराव सिस्टर कितीतरी दिवस
कुणाशीच नीट बोलल्या नाहीत.

आज स्टॉक मोजता मोजता रात्र झाली.
थविल आली, नोकरीला तीन आठवडे झालेली,
चार्ट छातीशी धरून.
"सिस्टर," म्हणाली, आणि पुढे काहीच नाही.

ते थांबणं माझ्या ओळखीचं.
गांगुर्डे सिस्टरांचा आवाज घशापर्यंत आला, गिळला.
भालेराव सिस्टरांचा हात उठला, खाली घेतला.
"शुगर किती?"
"अठ्ठ्याऐंशी. डॉक्टरांना कळवलंय, ते येतायत."
"आणि जिला द्यायचं होतं, तिचं?"
ते राहिलं होतं. दोघी गेलो.

परत येऊन खुर्ची ओढली तिच्यासाठी.
तुझ्या अक्षरात लिही, म्हटलं, मी इथेच आहे.
लिहिताना रडली.
रडू नकोस म्हणाले नाही,
रजिस्टर तेवढं जरा पुढे सरकवलं.
उद्याच्या रात्रपाळीत तिचं नाव पेन्सिलीने होतं,
ते पेनाने गिरवलं.

जाताना दारात थबकली.
"तुमच्याकडून झालंय कधी, सिस्टर?"

मी ती गंजकी किल्ली चाळवत होते.
बस, म्हटलं.
चांदवडची एक बाई होती.