आकृती सतरा

पुस्तक रद्दीतून आलं, उदगीरच्या मोंढ्यात,
पुड्या बांधायच्या गठ्ठ्यात, किलोच्या भावानं.
मुखपृष्ठ नव्हतं. पहिलं पानच सातवं :
'…म्हणून मर्दन करणाऱ्याने प्रथम आपली नखे कापावीत.'
मी कापली.
एकवीस वर्षं आडत दुकानात पट्ट्या लिहिणारा माणूस,
सांगितलेलं लिहून घ्यायची सवय
अंगात मुरलेली.

आत आकृत्या. बिनचेहऱ्याची एक पाठ,
तिच्यावर बाण, बाणांच्या टोकाशी क्रमांक,
जणू तालुक्याचा नकाशा
आणि सगळे रस्ते माकडहाडाकडे.

पुस्तक म्हणतं, जैतुनाचं तेल घ्या, कोमट.
घरात करडईचं, तेही फोडणीपुरतं.
पुस्तक म्हणतं, खोलीत मंद प्रकाश असावा.
तेवढा होता. लाइट गेलेली.

आधी कणकेवर सराव केला.
'तळहाताच्या टाचेने पुढे रेटावे, बोटांनी ओढून घ्यावे.'
हाताला टाच असते
हे मला सत्तेचाळिसाव्या वर्षी कळलं.
इतके दिवस ती खातेवहीवर नुसती टेकलेली होती,
शाईनं निळी.
पद्मीन म्हणाली, पोळ्या आज मऊ झाल्यात,
उद्यापासून तुम्हीच मळत जावा.

मग स्वतःची पोटरी.
मग दुकान बंद झाल्यावर तुरीचं पोतं,
त्याला खांदे आहेत असं समजून.
पोतं दुखलं म्हणत नाही, बरं वाटलं म्हणत नाही,
सुतळीची गाठ तेवढी अंगठ्याला लागते.

दिवाळीनंतर सोयाबीनची आवक सुरू झाली
आणि मौलासाब एका दुपारी
रिकाम्या बारदानावर पालथा पडला तो उठेचना.
मी म्हणालो, बघू का जरा? शिकलोय थोडं.
कुणापाशी? पुस्तकात.
तो तोंड बारदानात घालून हसला, पाठ हलली.
सदरा वर केला तर
आकृती सतरा कुठंच नव्हती.
जिथं 'मऊ स्नायू' लिहिलं होतं तिथं चामड्याचा पट्टा,
जिथं खोलगट जागा, तिथं फुगवटा,
मणकाच जरा डावीकडं वळलेला,
ओढ्याला वळसा घालणाऱ्या पाऊलवाटेसारखा.
मी मनात पान चाळत राहिलो.
'अंगठ्याने लहान वर्तुळे काढावीत.' काढली.

'दाबलालास का गुदगुल्या करलालास?'

जोर लावला.
'त्यो खांदा न्हाई, त्यो तुरीचा. आता सोयाबीन चालू हाय,
ह्यो बघ.' आणि पाठीमागं हात आणून
त्यानंच माझा अंगठा धरून ठेवला जागेवर.
खाली काहीतरी होतं, बोराच्या बीएवढं.
ते सरकलं.
मी घाबरून हात काढला.
तो म्हणाला, काढू नको.

पाचव्या प्रकरणाच्या शेवटी छापलंय :
'हातांविषयी पुढील प्रकरणात.'
पुढे एकदम सातवं.
सहावं कुणाच्या तरी शेंगदाण्यांबरोबर गेलं,
या बाजारात कुठंतरी
चुरगळून पडलं असेल.

मौलासाब उठून बसला, पाणी प्याला,
आकडा कमरेला खोचता खोचता थांबला.
माझा उजवा हात उलटा केला, बघितला,
पेन धरून मधल्या बोटाला पडलेला घट्टा
आपल्या खरखरीत अंगठ्यानं चोळत बसला,
गाडी आली तरी.
म्हणाला, तुझा बी आकडा लई रुतलाय की रे.

संध्याकाळी पट्ट्या लिहायला बसलो.
हात पुसला होता, तरी बोटांचं तेल उतरलं
चोपन्न पोत्यांच्या नोंदीवर,
आणि कागद तिथं पारदर्शक झाला.
मालक विचारतील उद्या.
खालच्या पानावरचे, कालचे आकडे
त्या डागातून वर आले आहेत, पुसट,
दोन्ही दिवसांची बेरीज
मला एकाच जागी दिसते आहे.