रस्ता बसला आहे

महापालिकेनं पाटी लावली:
‘पुढे रस्ता बसला आहे. वाहतूक बंद.’
ड्रेनेजखालची माती सरकली, एवढंच झालं होतं.
हौसाक्का चौगुले पाटीपाशी थांबल्या,
भाजीची पिशवी गुडघ्याला टेकवली, म्हणाल्या,
‘बसंना बिचारा. किती वर्सं हुबाच हाय.’
आणि स्वतःही बसल्या, कडेच्या फरशीवर.

माझं पंक्चरचं दुकान ह्याच बोळात,
गंगावेशीकडनं आत वळलं की डावीकडं.
चाकं थांबली, कॉम्प्रेसर गप्प झाला.
महिनाभर त्या पाटीला शिव्या घातल्या.
दुसऱ्या महिन्यात हप्ता थकला.
तिसऱ्यात नदाफांचा तौफिक आला,
‘मामा, ह्या टायरी अशाच कुजवणार व्हय?’

खड्डा कधीच बुजला होता.
बिल निघंपर्यंत पाटी हलत नसती, मुकादम म्हणाला.

मग तौफिकच्या आज्यानं माळ्यावरची धनुकली काढली,
कापूस पिंजून टायरींच्या पोटात भरला.
सातपुत्यांनी चपलांतून उरलेल्या पट्ट्या
वरून आडव्याउभ्या विणून दिल्या.
चौदा बैठका. एक डुगडुगती, ती माझी.

संध्याकाळी तालमीतली पोरं येतात,
कानात अजून लाल माती.
सातला म्हैस येते, चरवी वाजते,
धारोष्ण पेल्यानं सगळ्यांच्या मिशा पांढऱ्या;
तिला मागून कुणी हॉर्न देत नाही.
अंगणवाडीच्या बाईंनी डांबरावर खडूनं पंचगंगा काढली,
ती ओलांडताना लोक चपला हातात घेतात.
डांबरावर अनवाणी माणसं
मी देवीची वाट सोडून कुठं पाहिली नव्हती.

सगळ्यांनाच आवडलं असं नाही.
मोबाईलवाल्या शेळक्यांनी अर्ज केला, गिऱ्हाईक तुटतं म्हणून.
खरंच बोलत होते.
खाली माझीही सही आहे.

परवा बॅरिकेड निघालं.
पहिली मोटारसायकल आत शिरली
आणि मधोमध हौसाक्का, सुपात लसूण.
उठल्या नाहीत, मानसुद्धा वर केली नाही.
‘हातानं ने बाबा. बाळ झोपलंय.’
पोरगा उतरला,
गाडी ढकलत, नदीपाशी जरासा अडखळत
माझ्यापर्यंत आला.
मागच्या चाकात हवा कमीच होती.
भरली. पाच रुपये घेतले.

पाटी आता दुकानात आहे, उलटी,
कॅरमच्या डगमगत्या पायाखाली
बरोब्बर बसली.