तळ्यात, मळ्यात

लुईसच्या औषधांच्या दुकानात मी आठवडाभर
लोकांना बजावते: या गोळ्यांवर दारू चालणार नाही.
आणि शनिवारी संध्याकाळी
एक बाटली फ्रीजमध्ये आडवी करते,
शेजारी वाटीत रविवारच्या पल्ल्यासाठी भिजवलेले मनुके.
द्राक्षंच ती. जरा लवकर शहाणी झालेली.

वही आहे माझ्याकडे.
डाव्या पानावर मैल, उजव्या पानावर पेले.
अठरा मैल, दोन पेले, गुडघा बरा.
वीस मैल, एक पेला (मोठा होता).
नऊ मैल, पुढे खाडाखोड.

नवऱ्याचं नाव मकरंद, आणि पितो ताक.
विचारतो, "तू पळतेस म्हणून पितेस,
का पितेस म्हणून पळतेस?"
मी म्हणते, तळ्यात.
जरा वेळाने म्हणते, मळ्यात.
लहानपणी या खेळात मी पहिली बाद व्हायचे,
पाय नेमका रेषेवर पडायचा.
खडूची रेषा. आणि इथे डोंगरच खडूचा,
कुठेही पाऊल टाका, बाद.

क्लबातली हिलरी पेटिग्रू अडुसष्ट वर्षांची,
चढावर माझ्यापुढे असते आणि वळून बोलतेही.
तिचं गणित सरळ: पहिला पेला तहानेचा,
दुसरा गप्पांचा, तिसरा सोमवारी भोगायचा.
तीच म्हणाली, ज्या खडूवर आपण धापा टाकतो
त्याच्यातच या वेलींची मुळं उतरलीत.
मी तेव्हा काहीच बोलले नाही,
श्वास उरला नव्हता.

मग एप्रिलमधला तो रविवार.
शर्यतीआधीचा शेवटचा लांब पल्ला,
चारला निघाले, कपाळावर दिवा,
गवत पायाखाली कुरकुर मोडत होतं.
प्लम्प्टनच्या उतारावर आले आणि खाली
मळा पेटलेला दिसला.
पेटलेला नव्हता. रांगांमधून मेणाच्या बादल्या,
शेकडो, प्रत्येकीत एक ज्योत,
आणि त्यांच्यामधून पळणारी चार माणसं,
माझ्यापेक्षा वाईट पळणारी.

एकजण ओरडला, "हात मोकळे आहेत का?"
पळणाऱ्या माणसाचे हातच तेवढे मोकळे असतात.
त्याचं नाव टोबायस एकहर्स्ट, हे मला नंतर कळलं,
आधी त्याने हातात पलिता दिला.
उणे दोन. कोंब मुगाच्या मोडाएवढे,
त्यांच्या अंगावर लव, लवेवर दहिवर.
मी वाकून एकेक बादली पेटवत गेले.
मनगटावर घड्याळ थरथरलं:
थांबलात. धाव संपवायची?
नको म्हटलं. पुन्हा थरथरलं. पुन्हा नको.

उजाडेपर्यंत एकोणीस रांगा.
तीन मैल, अडीच तास,
माझ्या आयुष्यातली सगळ्यात हळू धाव.
वाइन कोणी दिली नाही.
थर्मासमधला कोमट चहा दिला, बिनसाखरेचा,
आणि एकहर्स्ट म्हणाला,
वाचलं तर यंदाच्या पिकाची बाटली
तीन वर्षांनी उघडेल.
तीन वर्षांनी मी सत्तावन्नची.
गुडघ्याचं वय मी विचारत नाही.

घरी आले तर मकरंदने केस हुंगले,
"देवळात जाऊन आलीस का?"
वही उघडली. हे डावीकडे लिहायचं का उजवीकडे?
पेन हातात धरून बराच वेळ बसले,
मग मनुकेच खाल्ले, उरलेले,
आणि दारात बूट झटकले.
फरशीवर पांढरी रेघ उमटली, वाकडी.
तिच्यावर उभी राहून मी पाणी प्यायले,
एक तांब्या, मग दुसरा.
आतून आवाज आला, "तळ्यात का मळ्यात?"
तोंडात पाणी होतं.