शून्य ते तीन

पेटोबोत पायाखालची जमीन सरकली,
हा वाक्प्रचार नाही.
मगरिबच्या अजानेला ती पातळ झाली पेजेसारखी
आणि घरं चालत गेली.
माड उभेच्या उभे दुसऱ्याच्या आवारात जाऊन थांबले.
रुस्नियारचं घर मशिदीपलीकडे सापडलं, दार शाबूत.
वडील कुठवर गेले
ते अजून कळलेलं नाही.

दीड वर्षानं मी पालूला,
पत्र्याच्या खोल्यांच्या रांगेत,
गळ्यात ओळखपत्र, हातात प्रश्नावली.
बावीस प्रश्न. उत्तर एका आकड्यात:
शून्य म्हणजे कधीच नाही,
तीन म्हणजे जवळजवळ रोज.

रुस्नियार सोळाची.
झोपेत ते पुन्हा दिसतं का? तीन.
बारीकशा आवाजानं दचकतेस? तीन.
रडू येतं?
"कांदा तळून विकतो आम्ही, बाई.
कुठलं पाणी कशाचं, ते कसं सांगू?"
मी दोन लिहिलं.
भीती वाटते?
"कशाची, ते विचारा ना.
न्हाणीघर रांगेच्या टोकाला आहे.
कडी नाही, दिवा नाही, आणि कोपऱ्यावर पोरं बसलेली असतात.
आई सोबत आली तर ठीक,
नाहीतर मी उजाडेपर्यंत कळ काढते.
ही भीती भूकंपात धरायची
की वेगळी?"
रकाना नव्हता. मी समासात लिहून घेतलं.
समास संगणकात जात नाही.

अरहाम चौदाचा.
खुर्चीवर उलटा बसला, तिच्या पाठीला मिठी मारून.
शून्य. शून्य. शून्य.
माझा प्रश्न पुरा व्हायच्या आत,
जाळीवरून आलेला वेताचा चेंडू
टाचेनं परतवावा तसा
शून्य.
मामा दारातून म्हणाला, आता हाच घरचा बाप्या.
बाप्याच्या ओठावर नुकती लव.
त्याच्या पायांत बूट होते, घरातसुद्धा.
झोपतानाही असतात, बहीण म्हणाली,
लेस सोडत नाही. शाळेत दोघांचे दात पाडले,
आता शाळाच नाही.
हे मी विचारलं नव्हतं.
बावीस प्रश्नांत बुटांचा प्रश्न नाही.

मकास्सरला, पंख्याखाली, तक्ता तयार झाला.
मुली: जास्त. मुलगे: कमी.
साहेब म्हणाले, अपेक्षितच,
जगात बहुतेक ठिकाणी असंच येतं.
येत असेल. मी कुठे नाही म्हणते?
रुस्नियारचे तीन खरेच होते,
एकेक तिनानं तिला रात्रीतून किती वेळा उठवलं
ते तिच्या डोळ्यांखाली दिसत होतं.
फक्त मला तो पेला आठवतो.

दोघांच्या उशांच्या मधोमध
काचेचा पेला, काठोकाठ पाणी.
जमीन हलायची असली की
आधी पाणी हलतं म्हणे.
ती मला हळूच म्हणाली होती,
"मी जागी राहते, म्हणजे तो झोपतो."
आणि निघताना तो,
मामाची मोटरसायकल पुसत, माझ्याकडे न बघता,
"तिला झोपू देतो. पेल्याकडे मी बघतो."

मी दोघांनाही एकमेकांचं सांगितलं नाही.
सांगायला हवं होतं का, ते नियमावलीत शोधलं.

त्याआधी, मी आत असतानाच,
रस्त्यानं विटांचा ट्रक गेला.
पाण्यावर एक सुरकुती उठली
आणि दोघं बाहेर, उघड्यावर,
मी पेनाचं टोपण लावायच्या आत.
कोण कोणाचा हात ओढत होतं
ते दिसलं नाही.
चप्पल मात्र एकच राहिली उंबऱ्यात,
तिची.

आई चुलीजवळच होती.
तिचं वय आमच्या अभ्यासात बसत नाही.
तिनं एक हात भिंतीला लावला,
पत्रा थरथरायचा थांबेतो तसाच ठेवला,
आणि दुसऱ्या हातानं
करपायच्या आत
कांदा काढून घेतला.