न कुजलेलं

एलिसेओ वेंतेलाओ दगड घेऊन आला
लोकरीच्या मोज्यात गुंडाळून,
आजारी करडू आणावं तसा.
काळा, पापुद्र्यांचा, एका अंगाला शाळिग्रामाचं चक्र.
"फोडला की रॉकेलचा वास येतो," म्हणाला,
"उन्हाळ्यात वरच्या कुरणात शेळ्या यावरच बसतात."
टेबलावर ठेवताना त्यानं टोपी काढली.
दगडासाठी की माझ्यासाठी, कळलं नाही.

नेउकेनच्या प्रयोगशाळेत मी खडक भाजते.
चिमूटभर भुकटी, इवलीशी मूस, भट्टी
आणि पडद्यावर चढणारी एक रेघ.
अकरा वर्षं हेच.

भट्टी तापेपर्यंत सांगत बसले:
इथं समुद्र होता, आणि त्याच्या तळाशी
प्राणवायूच नव्हता,
म्हणून मेलेल्याला खाणारं कोणी नव्हतं.
शेवाळाचे कण, डोळ्याला न दिसणारे,
पडत राहिले काळोखात
धान्य पाखडताना कोंडा पडावा तसे.
ना कोणी उकरलं, ना कुजवलं.
गाळानं तेवढं पांघरूण घातलं,
मग आणखी एक, मग आणखी.

रेघ लवकर चढली, आणि खूप उंच.
"कच्चा आहे," मी म्हटलं.
"भरलेला आहे, पण आच लागलेली नाही."
त्याचा चेहरा उजळला.
"म्हणजे गॅस नाही?"

मग नकाशा उलगडावाच लागला.
डोंगरात जो थर उघडा पडलाय
तोच उतरत जातो उत्तरेकडे,
तीन हजार मीटर खोल,
तुमच्या हिवाळी कुरणाखाली.
तिथं आच लागली. आधी तेल झालं,
आच वाढली तसा त्याचा गॅस.
अजून वाढती तर हातात नुसती राख.
आमटी आटताना कोणीतरी चुलीपाशी बसतं;
इथं कोणीच बसलं नव्हतं, तरी जमलं.

तो नकाशावरचे रंग बघत राहिला.
"किती वर्षं झाली यांना मरून?"
साडेचौदा कोटी. थोडं इकडेतिकडे.
"माझी शेळी मेली
तर दोन दिवसांत कोल्हे संपवतात," म्हणाला.
तक्रार नव्हती. हिशेब लावत होता.

मी अहवालावर सही केली, शिक्का मारला.
माझी शेगडी त्याच गॅसवर चालते, हे मी बोलले नाही.
तो अजून लाकडं जाळतो, हे त्यानं.
भुकटी झालेला कोपरा सोडून
उरलेला दगड त्यानं परत मागितला.
"दाराला लावायला," म्हणाला,
"वारा फार असतो आमच्याकडे."